झाकणावरची सही

अशोका गार्डन, भोपाळ
१९ जानेवारी

जुई,

पत्ता तुझ्या बाबांकडून घेतला. तुझा फोन एकदा वाजतो आणि बंद होतो. ऑफिसातला दिगंबर म्हणाला, "मॅडम, असं झालं म्हणजे समोरच्याने ब्लॉक केलंय." मी त्याला सांगितलं, माझी भाची आहे, नेटवर्कचं काहीतरी असेल.

तुझं अयोध्या नगर इथून फार लांब नाही. आले असते. पण तू दार उघडशील की नाही सांगता येत नाही, आणि दाराबाहेर उभं राहणं मला जमत नाही.

विषय माशांच्या टाकीचा आहे. बाकी काही लिहिणार नाही.

जाताना तू कपडे नेलेस, कुकर नेलास, भिंतीवरचं कॅलेंडरही नेलंस. टाकी राहिली. "खोली मिळाली की नेते," म्हणालीस. खोली मिळाली असं कळतं. तोवर तिन्ही माशांना मी सकाळी दाणे घालते. मोठा आधी खातो, दोन लहान नंतर. पंप चालू असतो. दिवा तू लावून दिलेल्या वेळेला आपोआप लागतो. संध्याकाळी आले की मी तो बंद करते, टीव्हीच्या काचेत पडतो. शनिवार-रविवार लावतच नाही. रिकामी वीज कशाला?

मला विचारायचं आहे ते पुढे.

टाकीतले दगड अजून हलतात.

तू इथे असताना हेच विचारलं होतं. सकाळी मी निघताना खडी सपाट असायची. संध्याकाळी सहाला येऊन पाहावं तर डाव्या कोपऱ्यात ढीग, मोठ्या दगडाखाली खड्डा, रोप उपटून पाण्यावर तरंगतंय आणि खाली फरशीवर थेंब. तू हॉस्पिटलच्या लॅबमधून दोनला घरी यायचीस. मधले चार तास घरात तू एकटी. शनिवार-रविवार मी घरी असले की दगड जागच्या जागी. ऑफिसात आयुष्य गेलं माझं. साहेब जागेवर असले की काय हलत नाही आणि नसले की काय हलतं, हे मला कळतं.

तू स्वतः खडी उकरणार नाहीस. टाकीत नवखा माणूसच हात घालतो. शनिवारी तुला स्कूटरवरून गल्लीच्या तोंडाशी कोण सोडायचं, ते मी बाल्कनीतून पाहिलं आहे. ज्याला लपवायचं काही नसतं तो दारापर्यंत येतो.

तुला विचारलं तेव्हा म्हणालीस, "आत्या, मासेच करतात ते. तो मोठा आपली जागा बनवतो."

मी विचारलं, मासा दगड उचलतो? कशाने?

"तोंडाने," म्हणालीस. आणि हसलीस.

सत्तावन्न वर्षांच्या बाईला असं उत्तर देऊ नये.

आता तू इथे नाहीस आणि दगड हलतातच. तेव्हा एवढंच लिहून कळव: चपलांच्या रॅकवर किल्ली ठेवून गेलीस, तिची दुसरी करून घेतली होतीस का?

कांचन उमाळकर


२७ जानेवारी

जुई,

उत्तर आलं नाही. कुलूप बदललं. नव्या कुलपाच्या किल्ल्या दोन, दोन्ही माझ्याकडे. कुलूपवाला विचारत होता, "क्या हुआ दीदी, चोरी हो गई?" मी म्हटलं, अजून नाही.

रविवारी तू पाठवलेला तो मुलगा आला. तो म्हणतो तू पाठवलंस. मला तसं कोणी कळवलेलं नाही. गौरांग नाव सांगितलं. दोन रिकामे डबे आणि एक रबरी नळी घेऊन आला होता.

"आंटी, टाकी न्यायची होती. जुई म्हणाली, तुम्हाला त्रास होतोय."

"मला त्रास होतो असं मी कोणाला सांगितलं?"

"नाही, मतलब... दगडांचं काहीतरी."

म्हणजे माझं पत्र तू त्याला वाचायला दिलंस.

मी त्याला आत घेतलं, कारण जिन्यात शेजारचे उभे होते. त्याने चपला काढल्या आणि सरळ मधल्या खोलीकडे पाहिलं. मी विचारलं, टाकी तिकडे आहे हे तुला कसं माहीत?

"आवाज येतोय ना, आंटी. पंपाचा."

आवाज येतो, हे खरं आहे. पण उत्तर फार पटकन आलं.

नंतर तो टाकीसमोर गुडघ्यावर बसला आणि काचेला बोट न लावता म्हणाला, "अरे वा, केवढा खोदलाय याने!" मी बारकाईने पाहत होते. पहिल्यांदा पाहणारा माणूस असा बोलेल का, याचा मी अजून विचार करते आहे.

टाकी दिली नाही. तू स्वतः आलीस तर देईन. अनोळखी माणसाच्या हाती मी वस्तू सोडत नाही.

जाताना जिन्यातून म्हणाला, "आंटी, मी याआधी तुमच्याकडे कधी आलोच नाहीये. कसम से." मी विचारलेलं नव्हतं. न विचारता शपथ कोण घेतं?

असो. नवं कुलूप लावल्यानंतरही शुक्रवारी खड्डा होता. आजही. रामकलीला विचारलं. ती सकाळी मी असतानाच भांडी करून जाते, तरी विचारलं. म्हणाली, "टंकी को मैं हाथ नहीं लगाती, बिटिया ने मना किया है." बिटिया म्हणजे तू. माझ्या घरात तुझी मनाई अजून चालते.

एक गोष्ट लक्षात आली. दोन लहानांपैकी एक सारखा फिल्टरच्या मागे असतो. दाणे टाकले तरी येत नाही. शेपटीची कड फाटली आहे. मोठा तसा नाही, तो समोर येतो, काचेशी उभा राहतो, नजर देतो. लपणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही. जे काही चाललं आहे त्यात त्याचा संबंध असणार. त्याला काढून बादलीत ठेवलं आहे. पाणी टाकीतलंच घातलं आहे, काळजी नसावी.

कांचन उमाळकर


४ फेब्रुवारी

जुई,

तुझा मेसेज मिळाला. दोन वाक्यं. "चुकीच्याला बाहेर काढलंस. मारतो त्याला काढायचं असतं." मी लगेच उत्तर लिहिलं, ते गेलं नाही. म्हणजे तेवढ्यापुरतं दार उघडून पुन्हा लावून घेतलंस.

मोठा मारतो, असं तुझं म्हणणं. मी अजून पाहिलेलं नाही. मी जे पाहते त्यावर विश्वास ठेवते.

मी काय केलं ते सांगते. आमच्याकडे साहेब रजेवर गेले की कपाटाला कागदाची पट्टी चिकटवतात, अर्धी दारावर, अर्धी चौकटीवर, आणि पट्टीवर सही. सही मधोमध, दोन्हीकडे जाईल अशी. कपाट उघडलं की सही फाटते. कुलपाची किल्ली दुसरी होते, सहीची होत नाही. आप्पांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मला हे दाखवलं होतं. ऑफिस नागपूरहून इकडे हललं तेव्हा सगळी कपाटं अशीच आली म्हणे, सह्यांनी बांधून.

सोमवारी टाकीच्या झाकणाला चारही बाजूंनी पट्ट्या लावल्या. दाणे टाकायचं भोकही सोडलं नाही. चार सह्या केल्या. खडी सपाट केली होती. घराला कुलूप लावलं, त्यालाही पट्टी.

सहाला आले. दाराची पट्टी शाबूत. झाकणाच्या चारही शाबूत.

आत खड्डा.

सह्या माझ्याच होत्या. तरी चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या. उमाळकरमधल्या 'ळ'ला मी खाली जो फाटा देते तो कोणाला जमत नाही. ऑफिसात एकाने प्रयत्न केला होता, मी पकडला होता. इथे फाटा बरोबर होता.

मंगळवारी पुन्हा पट्ट्या. पुन्हा खड्डा. फरशी मात्र कोरडी. थेंब वरच्या भोकातून येत होते, ते बंद होतं.

तुझ्या बाबांना फोनवर हे सांगितलं. म्हणाला, "अगं ताई, तुझ्या घरामागून मालगाड्या जातात. हादऱ्याने हलत असतील." हादऱ्याने खडी सपाट होते, ढीग होत नाही. मी रोज रवा चाळते, मला माहीत आहे.

त्यानेच दुसरं सांगितलं. तो पंधरा तारखेला, रविवारी येतो आहे, तुला नागपूरला न्यायला. तुझ्या लॅबमध्ये तो स्वतः बोलणार म्हणतो. "पोरगी एकटी राहते, कोणाबरोबर फिरते, आता बस झालं." हे मी सुचवलेलं नाही. तू इथे होतीस तेव्हा मी त्याला फोन केला, तो फक्त काळजीपोटी. घरात दुपारचं कोणी येतं असं मला वाटतं, एवढंच म्हटलं होतं. तू स्वयंपाकघरात होतीस. सुरीचा आवाज थांबला तेव्हा मला कळलं, की तू ऐकते आहेस. मी आवाज कमी केला नाही.

बादलीतला खात नाही.

उद्या रजा टाकली आहे. घर नेहमीसारखं बंद करून आत बसणार. कोण आहे ते एकदा पाहायचं आहे.

कांचन


६ फेब्रुवारी

जुई,

काल दहाच्या सुमाराला रामकलीला किल्ली दिली, बाहेरून कुलूप घालायला आणि चारला उघडायला सांगितलं. ती म्हणाली, "अपने ही घर में बंद हो रही हैं?" मी म्हटलं, तू कुलूप लाव.

मधल्या खोलीत पडद्यामागे वेताचा बुटका मोढा घेऊन बसले. टीव्ही बंद, पंखा बंद. टाकीचा दिवा लागलेला. मी घरी नसते तेव्हा सगळं जसं असतं तसं.

माझं लक्ष दाराकडे होतं.

आवाज टाकीतून आला. खडा काचेवर पडल्याचा, बारीक. मला वाटलं भास. मग पुन्हा. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

मोठ्याने तोंडात खडा धरला होता. धरून डाव्या कोपऱ्यात गेला, थुंकला, परत आला. पुन्हा एक. घाई नाही, विश्रांती नाही. दगडाखालचा खड्डा वाढत होता. रोप मध्ये आलं तर बुंध्याशी धरून ओढायचा. लहान, जो टाकीत राहिला आहे, तो त्या अर्ध्यात चुकून आला. मोठा बाणासारखा गेला. पाणी उसळून झाकणाला लागलं. लहान फिल्टरच्या मागे गेला. बादलीतला जिथे असायचा, तिथेच.

मोठा परत आला आणि खडे उचलू लागला.

दिवा बंद असला की तो हे करत नसावा. म्हणून संध्याकाळी नाही. म्हणून शनिवारी नाही, रविवारी नाही. दिवा मी बंद करत होते.

चारला रामकली आली तेव्हा मी मोढ्यावरच होते. तिने टाकीत पाहिलं आणि बोलून गेली, "बुआजी ने आज फिर खोद डाला."

"कोण बुआजी?"

ती फडकं शोधू लागली.

"रामकली. कोण बुआजी?"

"बिटिया इसको बोलती थी. आपको नहीं. इसको."

मी कोपऱ्यावरच्या माशांच्या दुकानात जाऊन विचारलं. पट्टे, कपाळ, पंखाचं टोक, सगळं सांगितलं. दुकानदार म्हणाला, हा नर आहे. तुला माहीत असेलच. तरी बुआजी, म्हणजे आत्या, असं नाव ठेवलंस.

मग शैलेंद्रला, तुझ्या बाबांना, फोन केला. सांगितलं, दगड मासा हलवतो. मी डोळ्यांनी पाहिलं. घरात कोणी येत नव्हतं.

तो म्हणाला, "ताई, मासा दगड कशाने उचलतो?"

मी म्हटलं, तोंडाने.

तो हसला. मग हसायचा थांबला. "पोरीने तुला काय सांगितलंय? तू तिला पांघरूण घालतेयस. तूच म्हणालीस ना, दुपारचं कोणी येतं म्हणून?"

"म्हणाले होते. चुकीचं होतं."

"मग आता बरोबर कशावरून? व्हिडिओ पाठव."

व्हिडिओ काढायला मी आज दुपारी अर्धा दिवस घरी आले. फोन समोर धरला की तो थांबतो. काचेशी येऊन उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो. फोन खाली ठेवून पडद्यामागे गेले की पुन्हा सुरू. कपाटाला टेकवून फोन ठेवला, तर त्यालाही ओळखतो. तासभराचं चित्रण आहे, त्यात एक मासा माझ्याकडे बघतो आहे, बाकी काही नाही. ते पाठवलं. शैलेंद्रने उत्तर दिलं, "बरं."

मी तक्रार केली तेव्हा त्याने पुरावा मागितला नव्हता.

आत्या


११ फेब्रुवारी

जुई,

हे पत्र पोस्टाने नाही. रामकलीच्या हाती देते आहे. ती सोनागिरीला बहिणीकडे जाणारच आहे, पुढे तुझ्याकडे येईल. पाकीट जड का आहे ते उघडल्यावर कळेल.

बादलीतल्याला परवा टाकीत सोडलं. खडी सपाट करून, बाकी सगळं जागच्या जागी ठेवून. बरं दिसावं म्हणून. संध्याकाळपर्यंत त्याच्या शेपटीत काही उरलं नव्हतं. मग तुझं आठवलं. तू महिन्या-दोन महिन्यांनी मोठ्याला बादलीत काढायचीस आणि मी ओरडायचे, न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही म्हणून. तू चार-पाच दिवस त्याला बाहेर ठेवायचीस. तेवढ्यात दगड इकडचे तिकडे करायचीस, रोपं हलवायचीस, मोठा दगड उभा होता तर आडवा. मी म्हणायचे, किती खेळशील? तू म्हणायचीस, "आत्या, तो परत आला की त्याला वाटलं पाहिजे, आपण नव्या घरात आलो. जुनी जागा दिसली तर पुन्हा मारेल." मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मोठ्याला काढलं आहे. स्वयंपाकघरात, खिडकीखाली बादलीत आहे, हवेची दुसरी नळी लावली आहे, वर जाळी. तो तळाशी बसून आहे. खडे नाहीत म्हणून बादलीचा तळ उकरल्यासारखं करतो. दोन लहान आता टाकीभर फिरतात. आज दाणे खायला दोघं वर आले.

दगड मी हलवलेले नाहीत. मी लावले तर पुन्हा माझ्याच सवयीचे लागतील. ते तू लाव.

उद्या मी नागपूरला निघते. शैलेंद्र रविवारी इकडे येणार, त्याआधी मी तिकडे असेन. फोनवर त्याला पटत नाही. समोर बसून सांगेन. त्याला न पटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगेन. वहिनीसमोर सांगेन, त्याच्या शेजाऱ्यांसमोर सांगेन, कारण आधीचंही त्यांच्यापर्यंत गेलं असणार. तो हसेल. हसू दे. रजा भरपूर शिल्लक आहे, मी कधी घेतलीच नव्हती. तो गाडीत बसणार नाही, एवढं बघते. लॅबमध्ये कोणी काही विचारायला येणार नाही. तू ड्यूटीवर जा.

गौरांगला सांग, टाकी न्यायची असेल तर न्या, ठेवायची असेल तर ठेवा. नळी तो इथेच विसरून गेला आहे, चपलांच्या रॅकमागे. त्याने दारापर्यंत यायला हरकत नाही.

माशांना दाणे घालायला कोणीतरी यायला हवं. रामकलीला तू मनाई केली आहेस आणि ती ऐकते.

घरातही काही हलवावंसं वाटलं तर हलव. माझी खुर्ची टीव्हीसमोर आहे, ती तिथेच हवी असं नाही. टाकी मधल्या खोलीत तुला अंधारात वाटायची. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी ठेवायची असं म्हणाली होतीस, मी नाही म्हटलं होतं. का म्हटलं ते आठवत नाही. तुझी खोली तशीच आहे, पण तीच घे असं नाही. मोठी घेतलीस तरी चालेल. माझं सामान कमी आहे. दिवा किती वेळ लावायचा ते तू ठरव.

या वेळी दाराला पट्टी लावलेली नाही.

नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. दोन्ही या पाकिटात आहेत. एकीने दार लावून मी निघणार होते, पण मग ती माझ्याजवळ राहिली असती. रामकलीला सांगितलं, मी बाहेर पडले की कुलूप तू लाव, किल्ली पुन्हा पाकिटात घाल आणि तशीच थेट जा.

परत आले की बेल वाजवीन. उघडायला वेळ लागला तर उभी राहीन.

आत्या